जुनं आऊटबोर्ड मशीन: उघडायचं की भंगारात घालायचं?

मे महिना सरत आला की किनाऱ्यावर होड्या वर ओढायची घाई सुरू होते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. आऊटबोर्ड मशीनं, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून आवळायची इंजिनं, होडीवरून उतरतात आणि पडवीत किंवा माळ्यावर जाऊन पडतात. जुन्या मशीनांचा सौदाही याच दिवसांत रंगतो. कुणाला नवीन घ्यायचं असतं, कुणी होडीच विकलेली असते, कुणाच्या वडिलांच्या पश्चात मशीन चार वर्षं ताडपत्रीखाली पडलेलं असतं. या सौद्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "काही नाही, नुसता कार्ब्युरेटर साफ करायचाय."

मी पहिलं जुनं मशीन घेतलं तेव्हा त्याला तेवढंही करायचं नव्हतं. पिंपात उभं केलं, दुसऱ्या दोरीला सुरू झालं, नवा रंग मारलेला, आवाज गोड. पैसे मोजले. होडीला लावून खाडीतून बाहेर काढलं आणि दहा मिनिटांत हेड, म्हणजे सिलिंडरचा बंद माथा, इतकं तापलं की वरच्या रंगाचा वास यायला लागला. उघडल्यावर दिसलं, पाणी फिरायच्या वाटा मिठाने गच्च भरलेल्या. रिकाम्या पिंपातल्या मंद फेऱ्यांवर ते तग धरत होतं, होडीचं वजन पडल्यावर नाही. त्यानंतर "सुरू होतं का?" हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी विचारतो. आधी बघतो, मीठ कुठपर्यंत पोचलंय. बंद मशीन शंभर किरकोळ कारणांनी बंद असू शकतं. मिठाने खाल्लेला ॲल्युमिनियम मात्र परत येत नाही.

खाली जो क्रम दिलाय त्यात फुकटच्या तपासण्या आधी आहेत. मध्येच कुठे "नाही" असं उत्तर आलं तर पुढे जायची गरज नाही. माझा हात जास्त करून ८ ते ४० हॉर्सपॉवरच्या टू-स्ट्रोक मशीनांवर बसलेला आहे, म्हणून लेखही त्यांच्याबद्दलच आहे.

घरून निघण्याआधी

फोनवर मालकाला मशीनच्या पट्टीचा फोटो मागा. होडीच्या फळीला आवळायचा जो क्लॅम्प असतो त्याच्यावर किंवा शेजारी ही पट्टी असते. तीवर मॉडेल आणि नंबर असतो. पट्टी खरवडलेली असेल किंवा चार रिव्हेटची नुसती भोकं उरली असतील, तर मी जात नाही. चोरीचं मशीन स्वस्त पडत नाही.

मॉडेल कळलं की सुट्या भागांच्या दुकानात तीन गोष्टींची चौकशी करा: पिस्टन-रिंग, इम्पेलर (थंड करायचं पाणी ओढणारी रबरी चक्री) आणि सीडीआय युनिट (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा). यामाहाच्या एन्ड्युरो मालिकेतलं मशीन असेल तर बहुधा अडचण येत नाही, कारण ही मशीनं किनाऱ्यावर मासेमारीसाठी भरपूर वापरली गेली आहेत. जॉन्सन किंवा एव्हिनरूड असेल तर थांबून विचार करा. ही दोन्ही नावं ज्या कंपनीची होती ती डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे बॉम्बार्डियरने ती नावं घेतली, आणि तिच्यातून वेगळ्या झालेल्या बीआरपी कंपनीने मे २०२० मध्ये एव्हिनरूडचं उत्पादनही थांबवलं. ही मशीनं वाईट होती असं मुळीच नाही. कित्येकांची ओतकामं आजच्यापेक्षा जाड आहेत. पण गियरचा एक दात तुटला तर तुम्ही कुणाकडे जाणार, हे आधी ठरवावं लागतं.

तिसरी चौकशी स्वतःच्या होडीची. मागच्या फळीची उंची मोजा. शॉर्ट शाफ्ट, म्हणजे आखूड खांबाचं मशीन, साधारण १५ इंची फळीला; लाँग शाफ्ट, म्हणजे लांब खांबाचं, २० इंची फळीला. मशीन होडीला लावल्यावर पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या वरची आडवी पाटी होडीच्या तळाच्या रेषेत, फार तर इंचभर खाली यायला हवी. शाफ्ट चुकीचा असेल तर मशीन कितीही चांगलं असो, ते तुमच्या होडीचं नाही.

पिशवीत प्लग पाना, टॉर्च, स्क्रू ड्रायव्हर, १०-१२-१४ चे पाने, कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं), स्पार्क टेस्टर, थोडं टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल, एक लोहचुंबक, एक पांढरी बशी आणि जुनी फडकी घ्या. बशी कशाला ते पुढे येईल.

आधी कहाणी ऐका

मशीन का थांबलं, हे विचारा आणि मग गप्प बसा. माणूस बोलतो. ऐकायचा एकच शब्द आहे: बुडालं. खाऱ्या पाण्यात बुडालेलं मशीन लगेच वर काढून गोड्या पाण्याने धुतलं, प्लग काढून पाणी उलटून टाकलं, तेल सोडून त्याच दिवशी चालवलं, तर ते वाचतं. बुडालेलं काढून "नंतर बघू" म्हणून ठेवलं की आतली बेअरिंगं गंजायला लागतात. टू-स्ट्रोकमध्ये क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा दांडा) कुठल्या तेलाच्या टाकीत बुडालेला नसतो, पेट्रोलमधून जे तेल येईल तेवढंच त्याचं संरक्षण. ताबडतोब मेकॅनिक मिळत नसेल तर मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवूनच ठेवावं, असं जुने लोक सांगतात आणि ते बरोबर आहे. ओलं लोखंड हवा लागल्यावर झपाट्याने गंजतं.

बुडालं, वर काढलं आणि महिनाभर तसंच पडलं, असं कळलं तर मी भागांच्या किमतीपलीकडे बोली लावत नाही.

दुसरा प्रश्न: कशावर चालवलं? रॉकेलवर चालणाऱ्या मशीनची वेगळी मॉडेल्स असतात. त्यांचं कॉम्प्रेशन मुळात कमी ठेवलेलं असतं. पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर घ्यायचं आणि बंद करण्याआधी परत पेट्रोलवर आणायचं, अशी त्यांची पद्धत. घाईत लोक रॉकेलवरच बंद करतात. मग रिंगा काजळीने खाचेत चिकटतात. असं मशीन मेलेलं वाटतं, पण पुष्कळदा नुसती काजळी काढून आणि रिंगा बदलून उठतं. रॉकेलवर नीट चालवलेल्या मशीनला मी घाबरत नाही. साधं पेट्रोलचं मशीन रॉकेलवर दामटलेलं असेल, तर मात्र पिस्टन बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

डोळे आणि बोटं

ताजा रंग दिसला की संशय घ्या. क्लॅम्पच्या आतली बाजू, पंख्याच्या मागची गोलाई, पंख्याखालच्या स्थिर पात्याचा सांधा, इथे ब्रश पोचत नाही. नखाने रंगाचा फुगा फोडा. खाली पांढरी, पिठासारखी भुकटी निघाली तर तिथला ॲल्युमिनियम गेला. वरवरची भुकटी चालते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक आत रुतत असेल तर चालत नाही.

मग झिंक शोधा. पंख्याच्या वरच्या पाटीखाली किंवा क्लॅम्पजवळ राखाडी रंगाचा एक ठोकळा बसवलेला असतो. खाऱ्या पाण्याने बाकीच्या धातूऐवजी त्याला खावं, एवढ्यासाठीच त्याची नेमणूक. अर्धा झिजलेला झिंक ही चांगली बातमी आहे. पूर्ण संपलेला असेल तर त्यानंतर पाण्याने मशीनलाच खायला घेतलंय. आणि झिंकवरही रंग मारलेला दिसला, तर ते मशीन ज्याच्या हाताखाली होतं त्याला या कामातलं काही कळत नव्हतं, एवढं लक्षात घेऊन पुढची तपासणी दुप्पट बारकाईने करा.

खालचं पातं मोडलेलं असेल तर घाबरू नका. आर्गॉन वेल्डिंगवाला ते जोडून देतो. भाव पाडायला उत्तम. मधल्या खांबाला किंवा क्लॅम्पला तडा असेल तर गोष्ट वेगळी, सगळं वजन आणि धक्के तिथेच बसतात.

मशीन डावी-उजवीकडे वळवून बघा. वळत नसेल तर आतलं ग्रीस सुकून वर मीठ बसलंय. वेळखाऊ काम आहे, उष्णता देऊन, तेल सोडून, दोन-तीन दिवस लावून सुटतं. पण हीच अवस्था बोल्टांची असेल तर सावध. स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचं भोक, मध्ये खारं पाणी: वर्षानुवर्षं राहिलं की दोन्ही एकजीव होतात. पाना लावला की बोल्ट सुटण्याऐवजी मान तुटते, आणि मग एकेका बोल्टमागे अर्धा दिवस लेथवाल्याकडे. म्हणून मालकाची परवानगी घेऊन खालच्या गियर केसचा (पंख्याजवळच्या, गियर असलेल्या डब्याचा) एक बोल्ट आणि हेडचा एक बोल्ट हलकासा सोडवून बघतो. दोन्ही "टक" करून सुटले तर पुढे. दोन्ही जाम असतील तर ते मशीन उघडण्याची मजुरीच मशीनपेक्षा जड होणार. माझ्या मते सगळ्या तपासणीत ही सर्वांत निर्णायक आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे.

हाताने फिरवणं

प्लग काढा. गियर न्यूट्रलमध्ये. वरचं झाकण काढून फ्लायव्हील, म्हणजे माथ्यावरचं जड चाक, हाताने फिरवा, वरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. एकसारखं, जड पण गुळगुळीत फिरायला हवं. खरखर म्हणजे बेअरिंग. फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून वर-खाली, आडवं हलवा. हालचाल जाणवली तर क्रँकची बेअरिंगं झिजलीत.

अजिबात फिरत नसेल तर दोरीला लटकू नका. दोरी तुटेल, नाहीतर स्प्रिंग. प्लगच्या भोकातून डिझेल आणि थोडं तेल सोडून चार दिवस ठेवलं की गंजाने धरलेल्या रिंगा पुष्कळदा सुटतात. पण आधी कळायला हवं की धरलंय कुठे. खालचं गियर केस उतरवून पुन्हा फिरवा. आता फिरलं, तर दोष खाली आहे आणि वरचं इंजिन शाबूत असू शकतं. जाम मशीन मातीमोल भावात मिळतं, त्यामुळे हा फरक ज्याला कळला त्याचा फायदा होतो.

टॉर्च लावून प्लगच्या भोकातून पिस्टनचा माथा बघा. काळा-तपकिरी माथा ठीक. कडा कुरतडल्यासारखी दिसली तर मशीन तेल कमी किंवा पेट्रोल कमी, अशा अवस्थेत तापवलेलं आहे. सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे नखाला लागत असतील तर बोअर करून (सिलिंडर आतून रुंद करून) ओव्हरसाईझ पिस्टन, म्हणजे मोठा खर्च.

कॉम्प्रेशन

सगळे प्लग बाहेर. सेफ्टी क्लिप ओढून ठेवा म्हणजे ठिणगी पडणार नाही. थ्रॉटल पूर्ण उघडा, हे लोक विसरतात आणि आकडा खोटा कमी येतो. गेज लावून चार-पाच जोरदार दोऱ्या मारा. प्रत्येक सिलिंडरला तेवढ्याच.

या आकाराच्या टू-स्ट्रोकला चौरस इंचाला साधारण ९० ते १३० पौंड येतात. रॉकेल मॉडेलला त्याहून कमी. आकड्यापेक्षा दोन सिलिंडरमधला फरक बघा. १० टक्क्यांच्या आत असेल तर निर्धास्त. एकात ११० आणि दुसऱ्यात ७० आले, तर कमीवाल्यात चमचाभर तेल सोडून परत मोजा. आकडा वर चढला तर दोष रिंगांचा. जागचा हलला नाही तर हेड गॅस्केटचा संशय, आणि गॅस्केट स्वस्त आहे. दोन्ही सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर दोन्हींमधली गॅस्केटची भिंत फुटलेली असू शकते.

एक गोष्ट गेज सांगत नाही. टू-स्ट्रोक आधी पेट्रोल क्रँक केसमध्ये ओढतं, तिथून वर ढकलतं. क्रँकची खालची सील गेली असेल तर कॉम्प्रेशन झकास येतं, ठिणगी झकास असते, आणि तरी खालचा सिलिंडर कामाला येत नाही. अशा मशीनवर दोन-दोन कार्ब्युरेटर बदललेले लोक मी पाहिलेत.

ठिणगी

टेस्टरवर ६-७ मिलिमीटरची फट ठेवून निळी, आवाज करणारी ठिणगी उडायला हवी. पिवळी, सुस्त ठिणगी दमट हवेत दगा देते. अजिबात नसेल तर "सीडीआय गेलं" असं कबूल करण्याआधी बंद करायच्या बटणाची वायर सोडून बघा. खाऱ्या हवेत ते बटण आतून गंजतं आणि मशीन कायमचं "बंद" अवस्थेत राहतं. दहा मिनिटांचं काम असतं आणि मशीन चार वर्षं माळ्यावर असतं. जुन्या, पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे धातूचे संपर्क) असलेल्या मशीनला बारीक पॉलिश पेपर पॉइंटमधून एकदा फिरवला तरी जीव येतो. खरोखर सीडीआय किंवा फ्लायव्हीलखालची कॉईल गेली असेल तर भाग महाग आहे, पण तो मिळत असेल तर मशीन नाकारायचं कारण नाही.

खालचं गियर केस आणि ती बशी

खालचा तेलाचा स्क्रू किंचित सैल करा. वरचा अजून बंद. खाली बशी धरा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे आत शिरलं असेल तर पहिले थेंब पाण्याचेच पडतात. मग वरचा स्क्रू काढून सगळं तेल येऊ द्या. काळपट तेल म्हणजे नुसतं जुनं तेल. ताकासारखं पांढरट तेल म्हणजे सील फुटलेली. सील स्वस्त, प्रश्न हा की ते ताक किती दिवस आत होतं. बशीतल्या तेलात चुंबक फिरवा. त्यावर राखाडी लेप बसला तर चालेल. चमकणारे तुकडे चिकटले तर गियरचे दात गेलेत, आणि तिथे बहुतेक वेळा हिशेब संपतो.

पंखा काढून मागे बघायला विसरू नका. जाळ्याचा तंगूस (नायलॉनचा धागा) शाफ्टला गुंडाळला जातो, मग वितळून, घासून सीलमध्ये शिरतो. आपल्याकडे गियर केसमध्ये पाणी जायचं हे एक नेहमीचं कारण. तंगूस सापडला तर उलट बरं वाटतं, रोगाचं कारण तरी कळलं.

पंखा फिरवताना शाफ्टच्या टोकाकडे बघा. टोक गोल फिरताना डोलत असेल तर शाफ्ट वाकलाय. पुढे, न्यूट्रल, मागे, तिन्ही गियर खटकन पडतात का तेही बघा. पडून परत सुटतात का, हे पाण्यावरच कळतं.

पिंपातली परीक्षा

इथवर सगळं बरं असेल तरच सुरू करायचा आग्रह धरा. पिंपात गोडं पाणी, पंख्याच्या वरच्या पाटीपेक्षा चांगलं वर. कोरडं अर्धं मिनिटही चालवू नका, रबरी इम्पेलर जळतो. पेट्रोल ताजं आणा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते पाणी ओढतं आणि जुन्या रबराला फुगवतं, त्यामुळे टाकीतलं गेल्या वर्षीचं पेट्रोल फेकूनच द्यायचं. तेल टीसी-डब्ल्यू३ छापाचं, म्हणजे होडीच्या टू-स्ट्रोक इंजिनासाठीचं. रस्त्यावरच्या गाडीचं टू-टी तेल या थंड पाण्याच्या इंजिनात राख सोडतं. बहुतेक मशीनांना ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल, पण १९६४ च्या आधीची जॉन्सन-एव्हिनरूड २४ ला १ मागतात.

सुरू झाल्यावर मागे पाण्याची धार लागली पाहिजे. मेकॅनिक तिला जे म्हणतात ते इथे लिहीत नाही. धार नसेल तर आधी भोकात तार घाला, बरेचदा तिथेच माती असते. धार दमदार असूनही हेड तापत असेल तर आतल्या वाटा बुजल्या आहेत, माझ्या पहिल्या मशीनसारख्या. पाच मिनिटांनी हेडवर हात ठेवा. दोन-तीन सेकंद सहन व्हायला हवं. आणि शक्य असेल तर होडीला लावून अर्धा तास पूर्ण वेगात पळवा, पिंपातल्या परीक्षेवर मी आता पैसे मोजत नाही.

हिशेब

कागद घ्या. इम्पेलर, प्लग, गियर तेल, खालच्या सगळ्या सील, कार्ब्युरेटरचा किट, पेट्रोलची नळी आणि हातपंपाचा रबरी फुगा हे मशीन कितीही चांगलं असलं तरी बदलायचंच आहे, म्हणून ते आधी लिहा. त्याखाली तपासणीत सापडलेले दोष. मग मजुरी, जाम बोल्टांसाठी सढळ हाताने. शेवटी मागितलेली किंमत. ही बेरीज त्याच मॉडेलच्या चालत्या, जुन्या मशीनच्या भावाच्या निम्म्यावर गेली तर मी सोडून देतो. निम्मंच का, कारण उघडल्यावर काहीतरी जास्तीचं निघतंच, उरलेलं निम्मं त्याच्यासाठी.

या नियमाला मी एकच अपवाद करतो. त्याच मॉडेलचं दुसरं मेलेलं मशीन हाताशी असेल तर. एकाचं डोकं गेलेलं, दुसऱ्याचे पाय. दोघांचं मिळून एक चालतं, आणि उरलेले भाग पुढची दहा वर्षं पुरतात. मात्र पट्टी बघून खात्री करा. एकाच हॉर्सपॉवरची दोन मशीनं आतून वेगळी असू शकतात.

रोज समुद्रात जाणाऱ्याने आणखी एक आकडा धरावा. जुनं टू-स्ट्रोक फोर-स्ट्रोकपेक्षा जास्त पेट्रोल पितं. महिन्यातून दोनदा खाडीत गळ टाकायला जाणाऱ्याला तो फरक जाणवत नाही. रोज पहाटे निघणाऱ्याला वर्षअखेरीस जाणवतो.

नाही म्हणायचं ठरलं, तरी मालकाला हात हलवत परत पाठवू नका. कार्ब्युरेटर, सीडीआय, पंखा, दोरीचा स्टार्टर, वरचं झाकण, या पाच गोष्टी शाबूत असतील तर प्रत्येकाला गिऱ्हाईक आहे. विशेषतः झाकण. वाऱ्याने उडून समुद्रात गेलेली झाकणं काही थोडी नाहीत. उरलेला ॲल्युमिनियम भंगारवाला किलोवर घेतो, फक्त आतलं स्टील आधी काढा, नाहीतर तो सगळ्याचा लोखंडाचा भाव लावेल.